पहारीच्या पुढं पाऊल नाही

मी एक जुनी पहार आहे. नाकं मुरडू नका, मित्रांनो! पहार म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे खड्डे खणणारी, चिखलानं माखलेली पहार उभी राहते. मी तसली नाही. मी बर्फावरची पहार. माझं खालचं अंग लोखंडाचं, टोकाला पटाशीसारखी धार, वर चिवट लाकडाचा दांडा आणि दोघांच्या सांध्यावर एक पितळी कडं. दांड्यावर खाचाच खाचा आहेत. त्या उंदरांनी कुरतडलेल्या नाहीत बरं का. ते माझे दागिने आहेत. त्यातली सगळ्यात वरची खाच कशी पडली हे सांगायलाच आज मी तोंड उघडलं आहे.

माझा जन्म नांगराच्या पोटी झाला. अमेरिकेत, माँटानाच्या उत्तरेला, जिथे वारा कुणाला विचारून येत नाही, तिथल्या एका खोऱ्यात नेल्स टॉरगर्सनचं शेत होतं. घर, अंगण, दगडी कडेचा भाजीचा वाफा, आणि दारापासून मोठ्या रस्त्यापर्यंत भर घालून बांधलेला उंच गाडीरस्ता. मग नदीवर धरण झालं. खोऱ्यातल्या सगळ्यांना वरच्या माळावर जमिनी मिळाल्या. लोकांनी गाई नेल्या, चुली नेल्या, खिडक्यांच्या काचासुद्धा काढून नेल्या. नेल्सनं या सगळ्याबरोबर एक मोडका नांगरही गाडीत घातला.

लोहारानं कपाळावर हात मारला. "अरे नेल्स, हे मोडकं वर कशाला आणलंस? खालीच बुडू द्यायचं होतंस."

"शेत बुडालं तेवढं पुरे झालं. नांगर नाही बुडू देणार."

"मग करू काय ह्याचं? वर सगळं खडकाळ रान."

"पहार कर," नेल्स म्हणाला. "जमीन पाण्याखाली गेली ना? मग मी पाण्यावरून जाईन माझ्या शेतात."

लोहार हसला, पण त्यानं मला मन लावून घडवलं. इकडे त्या नव्या जलाशयाला लोक 'हरवलेला नांगर' म्हणू लागले. म्हणोत बापडे. नांगर हरवला नव्हता, त्याची पहार झाली होती.

पहिल्याच हिवाळ्यात जलाशय या काठापासून त्या काठापर्यंत गोठला. नेल्स मला घेऊन निघाला. मागून त्याची छोटी मुलगी अल्मा, बापाच्या बुटांच्या ठशांत आपले बूट टाकत. कड्यावरची पवनचक्की टेकडीच्या खिंडीत नेमकी बसलेली दिसली की आपण अंगणावर उभे आहोत, हा नेल्सचा हिशेब. तिथे त्यानं माझ्याकडून भोक पाडून घेतलं, झाऱ्यानं बर्फाचा चुरा काढला, गळ सोडला. थोड्या वेळानं वर आला तो पिवळा पर्च मासा. हळदीसारखं अंग, त्यावर काळे पट्टे, पोटाखाली शेंदरी पर आणि पाठीवर काटे. अल्मा धावत घरी गेली.

"आई, आई, आपल्या अंगणात मासे आलेत!"

"मग हाकलू नकोस," आई म्हणाली. "कढई तापवते, घेऊन ये."

त्या संध्याकाळी नेल्सनं मासा माझ्या दांड्यावर लांबीनं ठेवला. तोंड पितळी कड्याला टेकवलं आणि शेपटी जिथे संपली तिथे चाकूनं खाच पाडली. शेजारी म्हणाले, आमचा मासा याहून मोठा होता. नेल्स म्हणाला, आणा की मग, दांडा इथेच आहे. झालं! तेव्हापासून दर हिवाळ्यात स्पर्धा सुरू झाली. तिचे नियम दोनच. पहिला, बर्फावर पहारीच्या पुढं पाऊल टाकायचं नाही. दुसरा नियम नेल्सचा आवडता: ज्याची खाच मागे पडली, त्यानंच नवी खाच पाडायची, आपल्या चाकूनं, सगळ्यांसमोर. "हरलेल्यानं खाच पाडली की भांडण उरत नाही," असं तो म्हणायचा.

पहिल्या नियमाचं कारण मी सांगते. बर्फाचं जाड-पातळ डोळ्यांना कळत नाही, त्यावर हिम पसरलेलं असतं. पुढे चालणारा माणूस प्रत्येक पावलाआधी मला बर्फावर आपटतो. बर्फ पक्का असला तर मी 'ठक्क' म्हणते. ओला, कुजका असला तर 'थप्प'. आणि खाली पोकळी असली तर 'ढब्ब'. ढब्ब ऐकलं की शहाणा माणूस मागे फिरतो. मित्रांनो, माझ्या मागून शाळेतली पोरं गेली, धर्मगुरू गेले, एकदा तर वरातीचा बँड गेला. एकाचाही बूट ओला झाला नाही. याची मला घमेंड आहे, आणि का नसावी?

पुढे अल्मा मोठी झाली आणि बापाच्या जागी पुढे चालू लागली. शेजारच्या शेतावरचा लॉयल बेंडिक्सन नेहमी तिच्या पाठोपाठ. हा लॉयल म्हणजे आडमाप उंचीचा, आडमाप बडबडीचा माणूस. एका वर्षी तो अल्माच्या भोकापासून दोन हातांवर बसला, म्हणजे टॉरगर्सनांच्या अंगणातच म्हणा ना, आणि त्यानं असा पर्च काढला की बाकीचे आपापले गळ टाकून बघायला धावले. नेल्सची खाच मागे पडली. नियमाप्रमाणे नवी खाच नेल्सला पाडावी लागली. तेव्हा तो फार थकला होता, हात थरथरत होता. म्हणून ती खाच आजही थोडी वाकडी आहे. तो त्याचा शेवटचा हिवाळा ठरला.

त्या दिवशी अल्मानं मनाशी एक गोष्ट पक्की केली. सगळ्यात वरची खाच टॉरगर्सनांचीच हवी, आणि तो मासा आपल्याच अंगणातून निघायला हवा. बास, एवढंच. पण लॉयल कसला गप्प बसतोय!

"काय अल्मा, तुझ्या अंगणातला मासा माझ्या ताटात! चव काय होती म्हणून सांगू!"

"खा खा. काटा अडकला म्हणजे मला हाक मारू नकोस."

पुढच्याच वसंतात वादळानं पवनचक्की पडली. खिंड उरली, पण खिंडीत बसवायला काही उरलं नाही. एवढ्या मोठ्या पांढऱ्या पसाऱ्यात अंगण कुठे आहे, हे कुणालाच सांगता येईना. अल्मा दर हिवाळ्यात अंदाजानं भोकं पाडत राहिली. मासे मिळायचे, पण बोटाएवढे.

आणि मग आली ती यंत्रं. इंजिनाचं गिरमिट आलं, पाठोपाठ बॅटरीचं गिरमिट आलं. घुर्रर्र केलं की भोक तयार. भोकातून पट्टी घालून बर्फाची जाडी मोजायची आणि निघायचं. ठक्क नाही, ढब्ब नाही. लॉयलची खाच कुणाला ओलांडता येईना, त्यामुळे माप घ्यायलाही माझी गरज उरली नाही. अल्माच्या कोंबड्यांच्या खुराड्याचं दार मोडलं होतं. कोल्हे येऊ नयेत म्हणून त्या दाराला टेकू लावला. तो टेकू म्हणजे मी.

बर्फावर बँडच्या पुढे चालणारी मी! आणि माझ्या डोक्यावर एक तांबडी कोंबडी रोज सकाळी बसायची आणि जे करायचं ते करायची. लोखंडावर गंज चढला, दांडा फिकट पडला. खाचांमध्ये पिसं अडकली. मला वाईट वाटायचं, खोटं कशाला बोलू? पण मोडले नाही. नांगराची लेक आहे मी.

गेल्या वर्षी अल्माच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. तिच्या धाकट्या भावाची मुलगी ब्रिटा शहरात राहते. ती आली, पंधरवडाभर राहिली, आणि वसंतात आत्याला आपल्याकडे कायमची घेऊन जायचं असं ठरवून टाकलं. पोरगी प्रेमळ, पण हुकूम सोडणारी. घरातली खोकी बांधायला सुरुवात झाली.

"आत्या, यंदा बर्फावर जायचं नाही. डॉक्टरांनी काय सांगितलंय?"

"डॉक्टरांनी सांगितलंय, चालत राहा."

"घरात चालत राहा!"

"घरात मासे नाहीत," अल्मा म्हणाली. मग जरा थांबून हळूच म्हणाली, "ब्रिटा, हा माझा शेवटचा हिवाळा आहे इथला. बाबांची खाच माझ्या डोळ्यांदेखत मागे पडली गं. एकदाच जाऊ दे."

खुराड्यापर्यंत सगळं ऐकू येत होतं. खोकं बांधणाऱ्या चिकटपट्टीची करकर तेवढी थांबली.

स्पर्धेच्या सकाळी लॉयल आला. गुडघे कुरकुरत होते, पण तोंड पूर्वीसारखंच चालू. तो घरात न जाता सरळ खुराड्याकडे आला, तांबडीला हुसकलं आणि मला उपसून काढलं. दार धाडकन पडलं.

"अरे मेल्या, माझ्या कोंबड्या!" अल्मा काठी टेकत बाहेर आली.

"कोंबड्यांना काय झालंय? दार आहे की."

"दार त्या पहारीवरच उभं होतं!"

"अल्मा, ऐक. दुरुस्तीसाठी धरणाचं पाणी सोडलंय महिनाभर. पाणी खाली गेलंय, बर्फ वरच राहिलाय. मला काही खरं दिसत नाही. आज पहार लागेल." मग त्यानं माझ्या दांड्यावरची पिसं झटकली आणि ती वाकडी खाच अंगठ्यानं चाचपून हसला. "आणि ही बघ, माझी राणी! अजून सगळ्यात वर."

"आजचा दिवस," अल्मा म्हणाली. "बघून घे पोटभर."

ब्रिटानं फळी ठोकून खुराड्याचं दार बंद केलं आणि गाडीत गिरमिट ठेवलं. पाण्यात सोडायचा तिचा छोटा कॅमेरा आणि मासे दाखवणारा पडदाही ठेवला. मग आत्याच्या हातातली काठी काढून घेऊन तिनं मला तिथे दिलं. "काठीपेक्षा ही बरी. पण पाऊल घसरलं की परत. कबूल?"

"कबूल," अल्मा म्हणाली. तिची बोटं जुन्या जागी बसली. मित्रांनो, काय सांगू! इतक्या वर्षांनी कुणीतरी मला मुठीत घट्ट धरलं होतं.

काठावर सगळं गाव जमलं होतं. शेगडीवर कॉफीचं भांडं उकळत होतं, बटाट्याच्या पातळ पोळ्या, म्हणजे लेफ्से, लोणी-साखर लावून गुंडाळून ठेवल्या होत्या. गळाच्या सामानाचं दुकान चालवणारी ब्यूला ही स्पर्धेची पंच. ती म्हणाली, आधी जाडी बघा. एका तरुणानं काठाजवळ गिरमिट चालवलं, पट्टी घातली आणि ओरडला, "हातभर जाड! ट्रक जाईल ट्रक!" लोकांनी घसरगाड्या ओढायला सुरुवातही केली.

"थांबा," ब्रिटा म्हणाली. ती त्या भोकाजवळ गुडघ्यांवर बसली होती. "याच्यातून पाणी का नाही आलं?"

खरंच की! भोक पडलं की पाणी वर येतं, हे तिथल्या तान्ह्या पोरालाही ठाऊक. हे भोक कोरडं होतं. ब्रिटानं एक खडा आत टाकला. क्षणभर काही नाही. मग खोल खालून दगडावर दगड पडल्याचा आवाज आला.

घसरगाड्या ओढणारे काठावर मागे सरकले. बर्फ हातभर जाड होता हे खरं, पण तो काठाला धरून नुसता हवेत लोंबत होता. त्याच्या खाली पाणी नव्हतं, एक काळी गुहा होती. माणसं जाडी मोजत होती, खाली काय आहे हे कुणी विचारलंच नव्हतं. ट्रकच काय, चार माणसं एकत्र गेली असती तरी छप्पर खाली आलं असतं.

"रद्द," ब्यूला म्हणाली. "स्पर्धा रद्द. कॉफी प्या आणि घरी जा."

अल्मानं कॉफी घेतली नाही. तिच्या हाताची पकड तेवढी घट्ट झाली. ती काठाकाठानं चालू लागली, जमिनीवरूनच, आणि हात लांब करून मला बर्फावर आपटू लागली. ढब्ब. ढब्ब. ढब्ब.

"आत्या, चल घरी," ब्रिटा मागून म्हणाली. "तुझ्या हातात होतं ते तू केलंस."

ढब्ब. ढब्ब. ठक्क.

अल्मा थांबली. पुन्हा आपटलं. ठक्क! डावीकडे आपटलं, ढब्ब. उजवीकडे आपटलं, ढब्ब. मधे गाडीच्या रुंदीएवढी पट्टी होती आणि तिथे मी छातीठोक बोलत होते, ठक्क, ठक्क, ठक्क! गंज गळून पडत होता माझा. त्या पट्टीखाली पोकळी नव्हती. बर्फ खाली बसून थेट कशावर तरी टेकला होता, आणि ते जे काही होतं ते सरळ रेषेत आत, जलाशयाच्या पोटात जात होतं.

अल्माच्या डोळ्यांत पाणी आलं. "ब्रिटा, हा आमचा रस्ता आहे गं! आजोबांनी भर घालून बांधलेला. याच्यावरून मी शाळेत जात होते."

"म्हणजे हा जातो कुठं?" ब्रिटानं विचारलं.

"कुठं म्हणजे? आमच्या अंगणात!"

मग काय विचारता! ब्यूलानं आधी मान हलवली, मग स्वतः येऊन मला चार वेळा आपटून पाहिलं, आणि म्हणाली, "एका रांगेत. कमरेला दोर. ज्यानं रांग सोडली त्याला पुढच्या वर्षी आमिष मिळणार नाही." आणि रांग निघाली. सगळ्यांत पुढे मी, माझ्यामागे अल्मा, तिच्या कोटाचा पट्टा मुठीत घट्ट धरून ब्रिटा आणि तिच्यामागे लॉयल.

"अल्मा, जरा उचल की पाय! माझं नाक गोठलं इथं."

"पहारीच्या पुढं पाऊल नाही, लॉयल. गुमान मागून ये."

पुढे एका जागी बर्फाला आडवी भेग होती आणि तिच्यातून पाणी वर आलं होतं. मी 'थप्प' म्हटलं. रांग थांबली. अल्मानं भेगेच्या पलीकडे मला आपटलं, एकदा, दोनदा. तिथला आवाज वेगळाच होता, भरदार आणि लांब जाणारा. तो पाण्यावर तरंगणारा, जिवंत बर्फ होता. जलाशय तिथून सुरू होत होता. ब्रिटानं एका घसरगाडीवरची फळी काढून भेगेवर टाकली, अल्मानं पाऊल उचललं, आणि माझ्यावर सगळा भार देऊन ती पलीकडे गेली. मी जराही हलले नाही. मागून टाळ्या वाजल्या. हातमोज्यांच्या टाळ्या, फसफस वाजणाऱ्या, पण टाळ्याच त्या!

रस्त्याची रेघ धरून आम्ही आणखी पुढे गेलो. ब्रिटा अधूनमधून भोक पाडून आपला कॅमेरा पाण्यात सोडायची आणि पडद्यावर तळ बघायची. नुसता गाळ, नुसता गाळ. अल्माचा श्वास लागला होता, पण तिनं थांबायचं नाव काढलं नाही. आणि एकदम ब्रिटा ओरडली, "आत्या! तळाला काहीतरी आहे. सरळ, भिंतीसारखं. आणि त्याच्या कडेला हे बघ, मासेच मासे!"

अल्मानं पडद्याकडे पाहिलं. त्या भिंतीवरून बोट फिरवलं. "ती आईच्या वाफ्याची कड आहे," ती म्हणाली. "तिथं कोबी लावायची ती. बाजूला हो. हे भोक पहारीनंच पाडायचं."

ती घाव घालू लागली. चुरा उडाला. पण खुबा तो खुबाच, थोड्या वेळानं हात गळून गेले. तेव्हा ब्रिटानं माझा दांडा धरला. शहरातले मऊ हात, पण घाव जोरकस. आजोबांची नात शोभली! शेवटच्या घावाला पाणी उसळून वर आलं तेव्हा ती खिदळलीच, बूट भिजले तरी तिला भान नव्हतं.

अल्मा बादलीवर बसली. आधी अळी लावली, एक लहानसा पर्च आला. त्याचा डोळा काढून तिनं गळाला लावला. जुनी माणसं असंच करायची, मोठ्या पर्चला पर्चच्या डोळ्याचं भारी वेड. दोर खाली गेला, कोबीच्या वाफ्यापर्यंत. लॉयल आपल्या भोकावरून बडबडत होता, "काय अल्मा, आईनं काय वाढलंय आज?" आणि तेवढ्यात दोर असा ओढला गेला की अल्माचं कोपर भोकाच्या कडेवर आदळलं.

ती उठली नाही, ओरडली नाही. हातावर हात टाकत दोर घेत राहिली. भोकात आधी सोनेरी पाठ दिसली, मग पट्टे दिसले, आणि मग अख्खा मासा बाहेर आला. ब्रिटाच्या तोंडून नुसतं "आई गं!" निघालं. अल्मानं सवयीनं गळ काढला, सवयीनं मासा बाजूच्या बर्फावर टाकला आणि छातीवर हात ठेवून बसून राहिली.

मित्रांनो, सवय ही अशी वस्तू आहे! तिकडे सगळे असंच करतात. मासा हिमावर टाकायचा, थंडी त्याला सांभाळते. पण त्या दिवशी वारा चाकूसारखा होता. बर्फावर पडलेल्या माशानं एकदा अंग वाकवलं आणि तसाच आखडला. ब्यूला आपलं घडीचं टेबल आणि आमिषाच्या बारक्या मासळीची पाण्यानं भरलेली बादली घेऊन येईपर्यंत त्याची कोयरी झाली होती. तोंड इकडे, शेपटी तिकडे, मधे कमान.

काठावरून पहिला भोंगा वाजला. म्हणजे दोर गुंडाळा. दुसरा भोंगा वाजला की मापं बंद.

मला टेबलावर आडवं ठेवलं. अल्मानं माशाचं तोंड पितळी कड्याला लावलं. लॉयलच्या खाचेपर्यंत शेपटी पोहोचेना. थोडीच, अगदी थोडी कमी.

"वाकडा आहे म्हणून!" ब्रिटा कळवळून म्हणाली. "सरळ करा ना त्याला!"

"जोर लावलास तर शेपटी तुटेल," ब्यूला म्हणाली. "तुटकी शेपटी बाद. दांड्यावर सपाट पडेल तेवढाच मासा खरा. मापाची ही रीत नेल्सचीच आहे."

लोक हळहळले. मी तर काय, हात ना पाय. माझ्याच अंगावर तो मासा, माझ्याच अंगावर ती खाच, आणि मला दोन अंगुळं पुढे सरकता येईना! लॉयलनं माशाकडे पाहिलं, मग अल्माकडे पाहिलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच त्यानं टोमणा मारला नाही.

"अगं बाई," तो म्हणाला, "तुझी आई गोठलेला मासा सरळ कढईत टाकायची का?"

अल्मानं मान वर केली. "नाही. आधी पाण्यात..." आणि वाक्य अर्धवट टाकून तिनं मासा ब्यूलाच्या बादलीत सोडला.

सगळे बादलीभोवती वाकले. बारकी मासळी कडेला पळाली. मोठा मासा तळाशी लाकडासारखा पडून राहिला. भोंगेवाल्यानं काठावरून हात वर केला. ब्रिटा पुटपुटत होती, "हो ना, हो ना सरळ." आधी अंगावरचा बर्फाचा पापुद्रा सुटला. मग कमान ढिली झाली. मग एक कल्ला हलला!

"जिवंत आहे!" कुणीतरी किंचाळलं.

वरची कातडी तेवढी गोठली होती, आतला जीव शाबूत होता. माशानं शेपटीचा असा फटका मारला की बादलीतलं निम्मं पाणी लॉयलच्या तोंडावर. अल्मानं दोन्ही हातांनी त्याला उचललं आणि माझ्या दांड्यावर ठेवलं. तोंड कड्याला. पाठ सरळ. शेपटी नेल्सच्या खाचेपुढे गेली, लॉयलच्या वाकड्या खाचेपुढे गेली, आणि कोऱ्या लाकडावर जाऊन फडफडली.

"माप झालं!" ब्यूला ओरडली, आणि त्याच क्षणी दुसरा भोंगा वाजला.

काय तो गलका, मित्रांनो! टोप्या उडाल्या, कॉफी सांडली, कुणी कुणाला मिठ्या मारल्या याचा हिशेब नाही. ब्रिटा आत्याला धरून रडत होती आणि हसत होती. मी टेबलावर पडल्या पडल्या थरथरत होते. वाऱ्यानं, म्हणा हवं तर.

मग लॉयलनं तोंड पुसलं आणि खिशातून चाकू काढला. सगळे जवळ सरकले. त्यानं माझ्या दांड्यावर हात ठेवला, शेपटीची जागा नखानं धरली आणि खाच पाडली. खोल, सरळ, नेटकी. "नेल्सकाकांना माझ्यासाठी खाच पाडावी लागली तेव्हा मला फार वाईट वाटलं होतं," तो म्हणाला. "आज मोकळा झालो. घे अल्मा. तुझी खाच."

अल्मानं ती खाच अंगठ्यानं चाचपली. "बाबा," एवढंच म्हणाली.

"आता कढई," लॉयल म्हणाला. "तुझ्या अंगणातला मासा, निम्मा माझ्या ताटात."

पण मासा पुन्हा बादलीत फिरत होता. अल्मानं बादली उचलायला ब्रिटाला खूण केली आणि दोघी भोकाशी गेल्या. अल्मानं त्याला पाण्यात सोडलं. एक सोनेरी रेघ चमकली आणि कोबीच्या वाफ्याकडे गेली.

"अगं, हे काय केलंस!" लॉयल ओरडला. "मग माझ्या ताटात काय?"

"घेवडा," अल्मा म्हणाली. "तो मासा वाढू दे. पुढच्या हिवाळ्यात तो नाहीतर त्याचा भाऊ कुणाच्या तरी गळाला लागेल, आणि माझी खाच मागे पडेल. मग नवी खाच कुणी पाडायची?"

लॉयलनं टोपीखालून डोकं खाजवलं. ब्रिटाच्या आधी लक्षात आलं.

"तूच," ती म्हणाली. "नियम आहे."

"मग? मला यावंच लागेल ना इथं. दर हिवाळ्यात. शहरात राहा नाहीतर चंद्रावर राहा!"

ब्रिटानं डोळे पुसले. "मी आणीन तुला, आत्या. पण आणखी कुणाच्या गळाला कशाला? मीच मागे टाकते तुझी खाच."

"बघू बघू," अल्मा म्हणाली. "आधी भोक तरी एकटीनं पाडायला शीक."

ब्यूलाला मी दुकानात हवी होते. काचेच्या पेटीत, दिव्याखाली, सगळ्यांना दिसेल अशी. मानाची जागा होती, मी नाही म्हणत नाही. पण अल्मानं मला ब्रिटाच्या हातात दिलं आणि म्हणाली, "काचेतून ऐकू येत नाही."

परतीच्या वाटेवर ब्रिटा पुढे होती. ठक्क, ठक्क, ठक्क. अल्मा तिच्या खांद्यावर हात ठेवून मागे, आणि तिच्यामागे सारं गाव.

मित्रांनो, तुमच्याही घरात माझ्यासारखं कुणीतरी असेल. दाराला टेकू म्हणून लावलेलं, नाहीतर शोभेला भिंतीवर टांगलेलं. माझी एवढीच विनवणी आहे, त्याला खाली काढा. गंज घासा, तेलाचा हात फिरवा, आणि पुन्हा कामाला लावा. आम्हाला कौतुक नको, मूठ हवी. मी सध्या ब्रिटाच्या घरी दाराशी उभी आहे, पण टेकू म्हणून नाही. धार लावलेली आहे, दांड्याला जवसाचं तेल पाजलेलं आहे. अल्मा रोज येता-जाता आपल्या खाचेवरून अंगठा फिरवते आणि खिडकीतून थंडीची वाट बघते. आणि तिच्या खाचेपुढे अजून बराच दांडा कोरा आहे.